गिरणी रिकामी होती का?

वसंता,

तुला जाऊन तेरा दिवस झाले. काल संध्याकाळी चाळीच्या मधल्या चौकात तुझी शोकसभा झाली. तीन जण बोलले आणि तिघांनीही तू शांत स्वभावाचा होतास असं सांगितलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली. तू शांत कुठला? समोर चहा आला की तुला तोंडी लावायला वाद लागायचा. शेवटच्या वक्त्याने तर तुला वैमानिकच करून टाकलं. उठून सांगावंसं वाटलं की हा माणूस विमानात एकदाच बसला आणि त्यात ओकला. पण शोकसभेत कुणी दुरुस्ती सुचवत नाही.

म्हणून हे इथे लिहितो आहे. साडेतीन वर्षांपूर्वी एका रविवारी, तुझ्याच खोलीत, मी तुला एक गोष्ट सांगितली होती. ती खरी होती. पण ती मी सांगायला हवी होती का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. तू होतास तोवर मी तो टाळला. आता तू नाहीस, तर टाळायलाही कुणी उरलं नाही.

आधी नीट आठवतो. लढाई संपून तू परत आलास तेव्हा सगळ्या मजल्याला वाटलं, वसंता विमानं चालवून आला. तू कुणाला हो म्हणाला नाहीस की नाही म्हणाला नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला मात्र पहिल्याच आठवड्यात गच्चीवर नेऊन खरं काय ते सांगितलंस. विमानदळात तुझं काम तंबूत बसून फोटो बघायचं. विमानं वरून जमिनीचे फोटो काढून आणायची. तू एकाच जागेचे दोन फोटो दोन भिंगांखाली शेजारी शेजारी ठेवायचास आणि सपाट कागदातून घरं, झाडं, पूल उठून उभे राहायचे. बॉम्ब कुठे पडायला हवा तिथे पेन्सिलीने खूण करायची. दुसऱ्या दिवशी नवे फोटो यायचे, तेव्हा तो कुठे पडला ते बघायचं.

"म्हणजे कारकूनच की रे," मी म्हणालो.

"कारकूनच. फक्त माझी फाइल आकाशातून यायची."

मग तू गिरगावात फोटो स्टुडिओत लागलास. लग्नाच्या मुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण काचेवर पेन्सिलीच्या टोकाने बुजवायचास. मी तुला म्हणायचो, आधी खड्डे पाडलेस, आता बुजवतो आहेस. तू हसायचास. तेव्हा तू अशा बोलण्यावर हसायचास.

तुझ्याकडच्या लढाईच्या गोष्टींत एक तुझी फार लाडकी होती. बर्म्यात इरावतीच्या काठावर एक कापडगिरणी होती, जपान्यांच्या ताब्यातली. तिथे तंबूचं कापड निघायचं. एका अंगाला मठ, दुसऱ्या अंगाला बाजार. गिरणी पाडायची होती आणि मठ, बाजार राखायचे होते. तंबूतल्या साहेबांना ते छप्पर म्हणजे नुसतं एक छप्पर. तू लालबागचा. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर बघितल्याबरोबर तू त्यांना बोट ठेवून दाखवलंस, इथे साचेखातं, म्हणजे मागांचं दालन, असणार, इथे बॉयलर, हे गेट. वेगवेगळ्या वेळांचे फोटो ओळीने लावलेस आणि सांगितलंस की दुपारी एका ठरलेल्या वेळी या गेटातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. पाळी सुटते. तेव्हा टाका. आतलं खातं रिकामं असतं.

हे तुला ठाऊक होतं, कारण तुझे वडील इथल्या गिरणीत टाइमकीपर होते. ते गेटावरच्या खोलीत बसून कामगारांचे बिल्ले घ्यायचे. भोंगा झाला की लोंढा कसा बाहेर येतो, हे तू त्या खोलीच्या खिडकीतून शंभरदा पाहिलं होतंस. साहेब खूश झाला. तू सांगितलेल्या वेळी विमानं गेली. बॉम्ब बरोबर छपराच्या मधोमध पडले. मठाच्या भिंतीला तडा गेला नाही.

"यंत्रं मारली शांताराम, माणसं नाही," असं म्हणून तू गोष्ट संपवायचास. ऐकणारे माना डोलवायचे. साचेवाला असून मीही विचार न करता डोलवली आहे.

हे लिहिताना तुझे उपकार आधी मांडायला हवेत. नाहीतर मी पुढे जे सांगणार आहे ते एकांगी होईल.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे ऐन भरात होते. मी प्रत्येक मोर्चाला. तू एकालाही नाहीस. उलट स्टुडिओच्या गॅलरीतून मोर्चाचे फोटो काढायचास, मोठे करायचास, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायचास आणि एकेका चौकटीतली डोकी मोजायचास. आमच्या पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलेला आकडा तू सकाळपर्यंत निम्म्यावर आणून ठेवायचास. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी म्हणायचो, "तू कुणाच्या बाजूचा आहेस?" तू म्हणायचास, "जितकी डोकी आहेत तितक्यांच्या."

आणि मग एका मोर्चात दगडफेक झाली, धरपकड झाली आणि त्यात मी सापडलो. आईने रडून मजला डोक्यावर घेतला. तू स्टुडिओतून सुट्टी काढलीस, फोटो मोठा केलास आणि त्या हजारो टोप्यांतून मला शोधून काढलंस. मी दगडफेकीच्या जागेपासून लांब, मोर्चाच्या शेपटाला, एका दिव्याच्या खांबाला टेकून उभा होतो. तू फोटो घेऊन चौकीवर गेलास. तिथल्या अंमलदाराने आधी तुला हाकललं. तू बाहेर उभा राहिलास. दुपार गेली, संध्याकाळ झाली, तेव्हा त्याने कंटाळून फोटो बघायला घेतला. तू त्याला खांबाची सावली दाखवलीस, तिच्यावरून वेळ सांगितलीस आणि मी त्या वेळी कुठे होतो ते सिद्ध केलंस. मला सोडलं. घरी येताना मी तुला विचारलं, एवढ्या गर्दीत मला ओळखलंस कसं? तू म्हणालास, "तुझी टोपी नेहमी वाकडी असते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की वरून बघणारा माणूसही जवळचा असू शकतो. तुला ते मी सांगितलं नाही. आपल्यात असं काही बोलायची पद्धत नव्हती.

त्याच वर्षी पुढे सुएझच्या कालव्यावरून मिसरवर इंग्रज-फ्रेंचांची विमानं गेली. तो हाच रविवार, तुझ्या खोलीतला. वहिनी मोरीजवळ बांगडे साफ करत होत्या. तू खाटेवर, मी खाली चटईवर, दोघांमध्ये वर्तमानपत्र.

"बघ," तू म्हणालास, "नुसत्या धावपट्ट्या फोडल्यात. बाजूच्या वस्त्या शाबूत आहेत. याला म्हणतात काम."

"वस्त्या शाबूत आहेत हे कुणी सांगितलं?"

"छापलंय ना."

"छापणाऱ्याला कुणी सांगितलं? ज्याने टाकले त्यानेच ना?"

तू चष्मा काढलास. वाद रंगणार असला की तू आधी चष्मा काढायचास. लढाई वाईटच, हे तू कबूल केलंस. पण करायचीच असेल तर आंधळेपणाने सगळं शहर जाळण्यापेक्षा नेम धरून एक छप्पर पाडलेलं बरं. यापुढे नेम सुधारतच जाणार आणि एक दिवस लढाईत नुसती यंत्रं मरतील. मी म्हणालो, उलटं होईल. नेम चांगला आहे असं वाटलं की हात लवकर उचलला जातो. ज्याला चुकायची भीती आहे तो दहादा विचार तरी करतो. तू म्हणालास, मी कामगार सभेतल्यासारखं बोलतो आहे. मी म्हणालो, तू साहेबासारखं. इथवर नेहमीचंच होतं.

मग तू तुझी गिरणी काढलीस. "आमचंच बघ. मठ वाचला, बाजार वाचला, पाळी सुटलेली..." आणि मध्येच थांबून माझ्याकडे वळलास. "तूच सांग ना. तू साचेवाला आहेस. पाळी बदलताना खातं रिकामं असतं ना?"

तू माझ्या हातात आयताच सापडलास.

"कोण म्हणतं?" मी म्हणालो. "तुझ्या बापाच्या खिडकीतून तसं दिसत असेल. अरे, साचा बंद करून कोण घरी जातो? चालू साचा पुढच्याच्या हातात द्यायचा असतो. तो दहा-पंधरा मिनिटं आधीच येतो. कुठला साचा धागा तोडतो, कुठला धोटा अडकतो, ते आधीचा त्याला उभ्या उभ्या सांगतो. त्या वेळी एकेका साच्यावर दोन दोन माणसं असतात. बदलीवाले वेगळे, ते काम मिळेल म्हणून दाराशी उभे. तुटलेले धागे जोडणाऱ्या नाकेवाल्या बायका वेगळ्या. दिवसभरात खात्यात सगळ्यात जास्त गर्दी कधी असेल, तर तीच वेळ."

"पण लोंढा बाहेर पडतो तो?"

"तो ज्यांनी साचे देऊन झाले त्यांचा. पहिला माणूस गेटाबाहेर पडतो, तेव्हा शेवटचा अजून आत बोलत असतो. आणि लोंढा आत येतो तो? तो तुझ्या फोटोत दिसला नाही?"

तू चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवलास. "दुप्पट माणसं, वसंता," मी म्हणालो. "तू बरोबर दुप्पट माणसांची वेळ काढून दिलीस. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ये एकदा खात्यात, दाखवतो."

इतकी वर्षं वादात मी तुझ्यापेक्षा फारसा वरचढ झालो नव्हतो. त्या दिवशी झालो. त्याचा मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. तू वर्तमानपत्राची घडी घातलीस, मग आणखी एक घडी घातलीस. वहिनींचे हात थांबले होते, एवढं मला दिसलं. मी उठलो आणि निघून आलो. गॅलरीत माझी आई बसली होती. भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलं होतं. आमची आई मालवणची. ती म्हणाली, "तेका इतक्या बोला नको रे. तो मनात ठेवता."

"खरं तेच बोललो," मी म्हणालो.

त्यानंतर तू ती गोष्ट कुणालाच सांगितली नाहीस. कुणी आग्रह केला की म्हणायचास, विसरलो. पहिले काही महिने मला बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. आपण भेटत होतो, चहा पीत होतो, मुंबई मिळणार की नाही यावर भांडत होतो. पण तू चष्मा काढायचं सोडलंस. माझं म्हणणं ऐकून घ्यायचास आणि "असेल बाबा" म्हणायचास. तुझ्या तोंडून "असेल बाबा" ऐकण्यापेक्षा मी शिव्या पत्करल्या असत्या. दोनदा ठरवून तुझ्या दारापर्यंत आलो. काय म्हणणार होतो? माफी कसली मागायची? शब्द मागे घ्यायचे तर ते खोटे असायला हवेत.

तुझ्या छातीत पाणी झालं आणि तुला परळच्या इस्पितळात ठेवलं तेव्हाची गोष्ट. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. तू डोळे मिटूनच विचारलंस, "बर्म्यातल्या गिरण्या आपल्यासारख्या नसतील, ना रे?"

मी वाटच बघत होतो. "नसतीलच," मी म्हणालो. "प्रत्येक गिरणीची तऱ्हा वेगळी. आणि तिथे लढाई चालू. दोन पाळ्या चालवण्याइतका कापूस तरी कुठून आणणार? एकच पाळी असेल. सुटली की कुलूप."

तू डोळे उघडलेस आणि जुन्यासारखा हसलास. "आता कशाला मखलाशी करतोस?" म्हणालास. मग वहिनी आल्या. ते आपलं शेवटचं बोलणं. नंतर तू बोललास, पण माझ्याशी नाही.

आज सकाळी वहिनींनी मला बोलावलं. तुझी जुनी पुस्तकं, भिंगं, पेन्सिली द्यायच्या होत्या. मी ते काही घेतलं नाही. पाणी प्यायलो आणि त्यांना सांगून टाकलं. म्हटलं, वहिनी, मला एक कबूल करायचं आहे. त्याच्या डोक्यात ते मी घातलं. लढाईतून एक गोष्ट तो चांगली म्हणून घेऊन आला होता, ती मी वादात जिंकायच्या हौसेपायी मोडून टाकली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला असं वाटत होतं इतकी वर्षं?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. खूप दिवस जवळ ठेवलेली वस्तू काढून द्यावी तसं सांगितलं.

बॉम्ब पडल्यानंतर दुसऱ्या दिवशीचे फोटो तुझ्याकडेच आले होते. छप्पर नव्हतं. गेटासमोरच्या मोकळ्या जागेत काहीतरी ओळीने मांडून ठेवलेलं दिसत होतं. लांबट, एकाला लागून एक, बऱ्याच ओळी. साहेबाने विचारलं, हे काय? आगीतून बाहेर काढलेलं कापड असेल, नाही का? तू भिंगाखाली फोटो ठेवलास. कापडाच्या बांधलेल्या गाठी असत्या तर उठून उभ्या राहिल्या असत्या. गाठ कमरेइतकी उंच असते, तिची सावली पडते. या ओळींची सावली पडत नव्हती. त्या जमिनीसपाट होत्या. तू बराच वेळ भिंगातून बघत राहिलास आणि मग कागदावर लिहिलंस, 'गाठी'.

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं त्यांनी मला," वहिनी म्हणाल्या. "एकदाच. परत कधी नाही."

"मग लोकांना ती गोष्ट का सांगायचा तो? यंत्रं मारली, माणसं नाही?"

"सांगता सांगता खरी होते का ते बघत असतील."

"आणि माझ्याशी वाद कशाला घातला?"

"वाद कुठे घालत होते, भावजी?" वहिनी म्हणाल्या. "ते विचारत होते. तुम्ही आत काम करता. बाकी कुणाला काय ठाऊक? त्यांना वाटायचं, त्या ओळी म्हणजे बाहेरची, बाजारातली चार माणसं असतील, गिरणीतली नसतील. ते तुम्ही म्हणायला हवं होतं. खातं रिकामं असतं, एवढं तुम्ही म्हणालात तर ते मानतील, असं त्यांना वाटत होतं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी मी गेल्यावर काय म्हणाला तो?"

"म्हणाले, शांताराम खोटं बोलत नाही, म्हणून तर त्याला विचारलं. मग जेवले नाहीत. बांगडे तसेच राहिले."

वसंता, मी तिथून उठून आलो आणि तेव्हापासून हे लिहितो आहे. मी तुझी गोष्ट मोडली नव्हती. ती आधीच मोडलेली होती आणि तू ती माझ्या हातात जोडायला दिली होतीस. एवढ्या वर्षांच्या वादातला तो एकच प्रश्न होता, ज्याचं उत्तर तुला खरोखर हवं होतं. तो ओळखायला मी चुकलो. हजारो टोप्यांत माझी वाकडी टोपी तुला सापडली होती. मला चटईवरून खाटेवरचा माणूस दिसला नाही.

तुझ्यावर रागही आहे. तू 'गाठी' लिहिलंस याचा राग आहे. ती माणसं होती, आणि कागदावर तरी ती माणसं राहायला हवी होती. जितकी डोकी आहेत तितक्यांच्या बाजूचा म्हणायचास ना? मग तिथे का मोजली नाहीस? तू असतास तर हे तुझ्या तोंडावर बोललो असतो आणि तू काय म्हणाला असतास, ते मला माहीत नाही. साहेब डोक्यावर उभा होता, तू तेवीस-चोवीसचा होतास, हे सगळं मला कळतं. कळल्याने राग जात नाही. रागाने माया कमी होत नाही, हेही आजच कळतं आहे.

येत्या महिन्यात मुंबईसह राज्य होणार. चौकात आत्ताच पताका शिवायला बसलेत. तू असतास तर गर्दीचा फोटो काढून आकडा निम्म्यावर आणला असतास. मी भांडलो असतो.

पण जे ठरवायला बसलो होतो ते ठरलं आहे, तेवढं सांगून थांबतो. तू पुन्हा विचारलंस तरी मी तेच उत्तर देईन. खातं रिकामं नसतं, वसंता. दुप्पट माणसं असतात. इस्पितळात केली तशी मखलाशी मी पुन्हा करणार नाही. ती तुला पटली नव्हती आणि मला शोभली नव्हती. फक्त त्या रविवारी गेलो तसा उत्तर दिल्यावर मी उठून जाणार नाही. तिथेच चटईवर बसून राहीन. तू काही बोललास तर ऐकेन, नाही बोललास तरी बसेन. आणि वहिनींनी पानं वाढली की तुला हाताला धरून जेवायला बसवीन.